खुळखुळणारं खोकं

पॅकिंगमध्ये माझा हात धरणारा आमच्या इमारतीत कुणी नाही! काचेची झुंबरं मी पाठवली आहेत आणि ती झुंबरं म्हणूनच पोचली आहेत. त्यामुळे जुन्या ऑफिसातल्या मित्रांबरोबरच्या वार्षिक गोल्फ सामन्यासाठी सासरे विमानानं पुढे गेले, तेव्हा त्यांच्या स्टिक कुरियरनं पाठवायचं काम मी अंगावर ओढून घेतलं. सासऱ्यांचा माझ्यावर जीव आहे, विश्वास नाही. जाताना म्हणाले, "जावईबापू, जपून हं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिलाच सामना आहे."

मी जीव ओतला. प्रत्येक स्टिकच्या डोक्याला लोकरी मोजा चढवला. घरातले मोजे संपले, तेव्हा बायकोचे हातमोजे घेतले. मधोमध फरशी पुसायच्या मॉपचा दांडा उभा केला. तो सगळ्यांत उंच, म्हणजे खोकं आपटलं तर मार त्यानं खायचा! वर टॉवेल कोंबले आणि चिकटपट्टी अशी गुंडाळली की पुठ्ठा दिसेना.

कुरियरवाल्यानं खोकं उचलून हलवलं. खुळ्ळ!

आत काहीतरी फुटलंय साहेब, असलं मी नेत नाही, म्हणाला. संध्याकाळी पुन्हा येतो सांगून जिना उतरलासुद्धा.

मी लगेच खोकं आत ओढलं. खोकं फाडलं, सगळं तपासलं, पुन्हा बांधलं, हलवलं. खुळ्ळ! परत फाडलं. या खेपेला पलंगावरच्या चादरीही आत गेल्या. खुळ्ळ! बायको कामावरून आली, तेव्हा मी हॉलमध्ये एकेक स्टिक कानाशी धरून हलवत बसलो होतो. तिनं कारण विचारलं नाही; लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. मॉप कुठेय, एवढंच विचारलं.

शेवटी चोर सापडला. सासऱ्यांची सगळ्यात लाडकी, मोठ्या डोक्याची स्टिक! डोकं आतून पोकळ, आणि त्यात काहीतरी सुटून फिरत होतं. माझ्याच हातून मोडली, दुसरं काय! फोन करायचा धीर होईना. तळाचा बारीक स्क्रू काढून आत घट्ट गोंद ओतला आणि स्क्रू परत बसवला. आवाज बंद! संध्याकाळी कुरियरवाल्यानं खोकं हलवलं, मान डोलावली आणि नेलं.

सामन्याच्या दिवशी सकाळीच सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, एक ओरखडा नाही. मित्र तुमच्या पॅकिंगचे फोटो काढताहेत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक! मला भरूनच आलं.

"पण मोठ्या स्टिकचा आवाज कुठे गेला?"

त्यांच्याशी खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

"अहो, ती घेतली तेव्हापासून वाजते," सासरे हळू आवाजात म्हणाले. "समोरचा नेम धरून उभा राहिला, की मी मागे ती जराशी हलवायचो. दरवर्षी त्यावरच तर जिंकतो."

"मग आता हो, बाबा?"

"आता काय! या वयात गोल्फ शिकावं लागणार."