इंचाचा पाना

आर्डिसच्या घरात गाडीचं ऑइल दुकानात बदलून घेणं हे कुळाला बट्टा लावणारं कृत्य समजलं जाई. मिनेसोटातल्या माणसाने आपल्या गाडीखाली आपणच झोपायचं, असं तिचा नवरा वेंडेल चाळीस वर्षं सांगत आला होता. त्या शनिवारी दुपारी दोनला नव्वद मैलांवरच्या चर्चमध्ये नातीचा बाप्तिस्मा होता; ओव्हनमध्ये बटाटा-खिम्याचं तबक तयार होतं; आणि दहा वाजता वेंडेल वडिलांचे इंचाचे पाने घेऊन जपानी गाडीखाली शिरला.

"ऑइलच्या टाकीचा नट मिलिमीटरचा आहे," आर्डिस म्हणाली.

"नटाला काय कळतंय?" गाडीखालून उत्तर आलं.

नटाला कळलं. केसभर सैल पाना दोनदा घसरला आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले.

खिशात हात घालून, न बोलावता, शेजारी जमले. लाइलने आणलेल्या पाइप पान्याने उरलासुरला नटही गुळगुळीत केला. ऑरिन हा दातांचा निवृत्त डॉक्टर. मुळापासून हलवायला हवं, असं त्याचं मत पडलं. एवढा घट्ट आवळला कुणी, असं लाइलने विचारलं.

"मी," वेंडेल अभिमानाने म्हणाला.

आर्डिस स्वयंपाकघरात निघून गेली. वेंडेल ईस्टरपासून 'उद्या बदलतो' म्हणत होता, म्हणून गुरुवारी, तो मासेमारीला गेलेला असताना, तिने गावातल्या गॅरेजात ऑइल बदलून आणलं होतं. हे आत्ता सांगितलं असतं तर दोन तास वाचले असते आणि चाळीस वर्षं बुडाली असती.

बारा वाजता ऑरिनने अर्ध्या इंचाचा पाना हातोडीने नटावर ठोकून बसवला. नट कुरकुरला, फिरला, आणि खालच्या परातीत काळ्या ऑइलऐवजी मधासारखं स्वच्छ ऑइल पडू लागलं. तिघेही परातीकडे बघत राहिले.

वेंडेलने एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

"गाडी राखावी कशी, बघून ठेवा," तो शेजाऱ्यांना म्हणाला.

लाइलने धावत जाऊन आणलेला नवा नट बसवून, नवं ऑइल भरून, साडेबाराच्या आत दोघं निघाली. तबक आर्डिसच्या मांडीवर होतं. गाव मागे पडलं.

"त्या गॅरेजवाल्याला सांग," वेंडेल रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "जरा हलक्या हाताने आवळत जा म्हणावं."

"हलक्या हातानेच आवळतो तो," तबकावरचं फडकं सारखं करत आर्डिस म्हणाली. "त्याच्याकडे मिलिमीटरचा पाना आहे."