सुपडू आप्पांच्या उद्घाटनपूर्व चालण्याबाबत

विसरवाडीचे सुपडू आप्पा पुन्हा चालू लागले. कुणाचा खांदा न धरता ते अंगणाच्या टोकाच्या संडासापर्यंत गेले आणि परतही आले.

वरील मजकूर वाचकांनी वाचलेला नाही. आप्पा चालू लागलेले नाहीत. ज्या केंद्रामुळे ते चालू लागणार आहेत, त्याचे उद्घाटन अजून व्हायचे आहे, आणि उद्घाटनाआधी बरे होणे शिस्तीत बसत नाही. तेव्हा आप्पा खाटेवर आहेत असे धरून सुरुवात करू.

आप्पा न्हाणीत घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. नंदुरबारला ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता उठणं-बसणं, पावलं टाकणं, हे फिजिओथेरपीवाल्यांकडून शिकून घ्या. नाहीतर खाट धराल."

आप्पांनी खाट धरली. खाटेला त्यांची तशी हरकत नव्हती. हरकत एवढीच होती, की संडासला जायचे झाले की मुलाला, ललितला, हाक मारावी लागे. बायको निर्मलाबाई उंचीने आप्पांच्या काखेपर्यंतच पोचत, त्यामुळे त्यांचा उपयोग टेकूसारखा होई, पण उठवण्यासाठी नव्हे. ललित चांगला मुलगा होता. हाक मारली की तो तात्काळ "उनूच, आप्पा!" म्हणजे आलोच म्हणे, आणि मोबाइलवर जे काही चालू असेल ते संपवून खरोखर येई. मधल्या काळात आप्पा भिंतीकडे बघत आणि देवाला न विनवता स्वतःच्या आतड्यांना विनवत. आयुष्यभर कुणाची मिनतवारी न केलेल्या माणसाला म्हातारपणी एवढेच हवे होते, की या एका कामासाठी कुणाला हाक मारावी लागू नये.

योगायोगाने महामार्गाला लागूनच 'ज्येष्ठ नागरिक सांधेसंचलन व पुनर्वसन केंद्र' बांधून तयार होते. यंत्रे आली होती आणि प्लास्टिकमध्ये सुरक्षित होती. खापर गावच्या कापड दुकानदाराची मुलगी चांदनी जैन हिची फिजिओथेरपिस्ट म्हणून नेमणूकही झाली होती. दारावर आडवी लाल फीत बांधलेली होती. कर्मचारी फितीखालून वाकून ये-जा करत. ज्यांना वाकता येत नव्हते त्यांच्यासाठीच केंद्र असल्याने त्यांचा आत जाण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

ललितने आप्पांना मालवाहू रिक्षात आडवे घालून तिथे नेले. केंद्राचे समन्वयक नवनीत साहेब बाहेर आले.

"केंद्र सुरू शे का, साहेब?" ललितने विचारले.

"केंद्र पूर्णपणे सज्ज आहे," नवनीत साहेब अभिमानाने म्हणाले. "फक्त सुरू नाही."

रिक्षातून आप्पांनी मान वर केली. "मंग हाई पोर आठे काय करस?"

"मी रोज प्लास्टिकवरची धूळ पुसते, आप्पा," चांदनी म्हणाली. "प्लास्टिक काढायची परवानगी नाही."

"मन्हा पायले जरासा हात लाव ना, बेटा."

"हात लावला तर तो उपचार धरला जाईल. मग विचारतील, उद्घाटनाआधी उपचार कसा झाला?"

"आनि उद्घाटन कव्हय?"

शेतकरी ढगांकडे बघतो तसे नवनीत साहेबांनी महामार्गाकडे बघितले. "मोठे साहेब याच रस्त्याने सुरतला जातात. जाता जाता करतील."

पण आप्पांना रिकाम्या हाताने परत पाठवले गेले नाही. उद्घाटनाला पुढच्या रांगेत लाभार्थी लागणार होते, आणि आप्पांचे न चालणे सर्व निकषांत बसत होते. त्यांची लाभार्थी म्हणून निवड झाली. लाभ नंतर मिळणार होता.

रस्त्याच्या कडेला मांडव पडला. भुसार मालाचे व्यापारी हुकमीचंद शेठ आप्पांच्या शेजारच्या खुर्चीत आले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवरून उठत नव्हता. बाकी गावोगावचे गुडघे आणि कंबरा मागच्या रांगांत बसल्या.

आता अडचण अशी, की मोठे साहेब येतात तेव्हा कुणी बसून राहिलेले चालत नाही. नवनीत साहेबांनी आदेश काढला, की सायरन ऐकू येताच सर्व लाभार्थ्यांनी उठून उभे राहावे. मात्र महामार्गावर सायरनला तोटा नाही. रुग्णवाहिका जाते, पोलिसांची गाडी जाते. एका दूधवाल्याने हौसेने तसलाच भोंगा बसवून घेतला होता. "साहेबांसाठी बसून राहण्यापेक्षा दुधासाठी उठलेलं परवडेल," असे धोरण ठरले, आणि सकाळ-संध्याकाळ रंगीत तालीम सुरू झाली.

चांदनीला काही काम नसल्याने स्वागत समिती तिच्याकडे आली. तिने गंभीर चेहऱ्याने शिष्टाचार ठरवून दिला. उठताना खुर्चीला हात लावायचा नाही, फोटोत थकवा दिसतो. उभे राहिल्यावर टाचा उचलून ताफा येतो का बघायचे आणि तसेच बघत राहायचे. टाळ्या वाजवायच्या त्या दोन्ही हात डोक्यावर नेऊन. पाहुण्यांना वाट द्यायला आधी उजवीकडे पावले टाकायची, मग डावीकडे, कारण साहेब कुठल्या बाजूने येतील हे सुरक्षेच्या कारणास्तव आधी सांगता येत नाही.

"वा! किती आदर आहे यात," नवनीत साहेब भारावून म्हणाले. "अजून एकदा घ्या."

पहिल्या सायरनला आप्पा अर्धेच उठले आणि मागे कोसळले.

"सुपडू, ऊठ ना भो! जावई ई ऱ्हायना तुन्हा!" हुकमीचंद शेठ म्हणाले.

"शेठ, पहिले तुम्हना हात उचला. तराजूना काटावर बोट दाबाना टाइमले बरा चालस तो."

"तोच तं मन्हा व्यायाम व्हता," शेठ उसासा टाकून म्हणाले. "बंद पडी गया."

मोठे साहेब अनेकदा आले. म्हणजे गेले. दर वेळी गाडीच्या काचा वर होत्या आणि ताफ्याच्या वाऱ्याने स्वागताचा फलक उलटा होई. दर वेळी नवी तारीख पडे, आणि तारीख पडली की पुन्हा तालीम. शेठचा हात आधी कानापर्यंत गेला, मग टोपीपर्यंत. त्यानंतर दुकानातल्या वरच्या फळीवरचा डबा त्यांनी स्वतः काढला आणि आत मुलाने लपवलेली तंबाखू सापडल्याने घरात दोन दिवस अबोला राहिला. आप्पांबद्दल काही सांगता येत नाही, कारण अधिकृतपणे ते खाटेवर होते.

अनधिकृत हकीकत अशी, की एका सकाळी आप्पांनी खाटेवरून हाक मारली.

"ललित!"

"उनूच, आप्पा!"

तेवढ्यात महामार्गावर सायरन वाजला. आप्पा सवयीने उठून उभे राहिले. खुर्चीला, म्हणजे खाटेला, हात न लावता. त्यांनी टाचा उचलून बघितले. स्वागत करण्यासारखे समोर कुणीच नव्हते. मग आता उठलोच आहोत तर, असा विचार करून ते अंगणातून चालत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

निर्मलाबाई चहा घेऊन आल्या तर खाट रिकामी. "ओ माय व! ललित, तुन्हा बाप कोठे गया रे?"

"आठे शे मी!" संडासातून आवाज आला. "बोंब नको मारू. निवांत बसू दे."

निर्मलाबाई दाराबाहेरच मटकन बसल्या. पदराआड त्या हसत होत्या की रडत होत्या, ते दार बंद असल्याने आप्पांना कळले नाही. ललित दहा मिनिटांनी, ठरल्याप्रमाणे, लगेच आला.

ही बातमी केंद्रापर्यंत पोचली तेव्हा नवनीत साहेबांचा चेहरा उतरला. मांडवात जाऊन त्यांनी पाहिले तर निम्मे लाभार्थी पायी आले होते.

"तुम्ही उपचार केलेत?" त्यांनी चांदनीला विचारले.

"नाही, सर. मी फक्त आदर शिकवला."

"मग हे लोक बरे कसे झाले? लाभार्थी लाभाच्या आधीच बरे झाले, तर मोठ्या साहेबांनी येऊन करायचं काय? एकही रुग्ण दिसला नाही तर केंद्र दुसऱ्या तालुक्याला जाईल."

"मंग काय करू?" आप्पा म्हणाले. "पुन्हा पडू का न्हाणीमा?"

नवनीत साहेबांनी या सूचनेवर काही क्षण प्रामाणिकपणे विचार केला. "तेवढं नको," ते म्हणाले. "पण बरं होण्याला उद्घाटनापर्यंत स्थगिती आहे. चाकाच्या खुर्च्या मागवल्यात. त्यात बसायचं. घरात चाला, पण लंगडत चाला."

आप्पांना हे पटले नाही, पण मागच्या रांगेत काठी गावाजवळच्या पाड्यावरून आलेल्या दिवलीबाई होत्या. त्यांचा गुडघा अजून सायरनला दाद देत नव्हता. केंद्र गेले तर त्या कुठे जातील, असे चांदनीने विचारल्यावर आप्पा मुकाट्याने चाकाच्या खुर्चीत बसले.

आणि मोठे साहेब खरेच थांबले.

सायरन वाजताच सगळी पुढची रांग उसळून उठेल, ही भीती नवनीत साहेबांना होतीच. म्हणून सत्काराच्या शाली आधीच वाटून, अंगाभोवती लपेटून खुर्च्यांच्या मागे गाठ मारण्यात आल्या होत्या. सत्कार इतका घट्ट झाला की शेठना श्वास घेताना आवाज येत होता. सायरन वाजला. खुर्च्यांनी जागच्या जागी उड्या मारल्या. मांडवातले बाकी सारे, ज्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेले नव्हते ते, आदराने उठले.

मोठे साहेब फितीची कात्री हातात घेऊनच माइकपाशी गेले आणि ज्येष्ठांविषयी बोलू लागले. ज्येष्ठ म्हणजे वटवृक्ष, ज्येष्ठ म्हणजे दीपस्तंभ. आप्पांनी गडबडीत सकाळी दोनदा चहा घेतला होता. दीपस्तंभावर येईपर्यंत त्यांची अवस्था बिकट झाली.

"ललित," त्यांनी हळूच हाक मारली.

ललित मोबाइलवर भाषणाचे चित्रण करत होता. "उनूच, आप्पा. साहेब बोली ऱ्हायनात ना."

"ललित, माले जानं शे."

"थांबा ना जरा!"

आप्पांनी समोर पाहिले. समोर केंद्र होते, केंद्रात कोरा करकरीत संडास होता, आणि मध्ये लाल फीत होती. त्यांनी मागे हात नेऊन शालीची गाठ सोडली. खुर्चीला हात न लावता ते उठले. मोठ्या साहेबांच्या आणि माइकच्या मधून "जरा सरका, भो" म्हणत वाट काढली, आणि सरळ चालत गेले. महिनोन्‌महिने उन्हात विटलेली फीत छातीला लागून तुटली. आतून कडी लागल्याचा आवाज माइकने साऱ्या मांडवाला ऐकवला.

मोठ्या साहेबांच्या हातात कात्री तशीच होती.

"साहेबांचा पायगुण!" नवनीत साहेब ओरडले. "इकडे साहेबांचं पाऊल पडलं, तिकडे म्हातारा चालू लागला!"

मांडव टाळ्यांनी दुमदुमला. हुकमीचंद शेठनी भान हरपून दोन्ही हात शालीतून उपसले आणि डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या, तो दुसरा चमत्कार म्हणून नोंदला गेला. मोठे साहेब क्षणभर स्वतःच्या पावलांकडे कौतुकाने पाहत राहिले. मग त्यांनी तुटलेल्या फितीकडे पाहिले.

"पण मग मी कापायचं काय?" त्यांनी विचारले.

जादा फीत नव्हती. शिवाय आतील एका सुविधेचा वापर त्या क्षणी चालूच होता, आणि वापरात असलेल्या वास्तूचे उद्घाटन कसे करायचे याबद्दल कुणालाच खात्री नव्हती. ताफा सुरतकडे निघून गेला. केंद्र कुलूपबंद करण्याचा निर्णय झाला, परंतु आप्पा आत निवांत असल्याने कुलूप हातात धरून सर्वांना थांबावे लागले.

अहवालात फीत वाऱ्याने तुटल्याचे नमूद आहे. नवी फीत बांधली आहे. चांदनी फितीखालून वाकून आत जाते आणि धूळ पुसते. तारीख पडली की दिवलीबाईंची तालीम सुरू होईल. सुपडू आप्पा चालत नाहीत.

तोपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून सर्व कुटुंबीयांना, ज्यांत हे आरामात बसून वाचणारे आपणही आलात, कळवण्यात येते की: आतल्या खोलीतून म्हाताऱ्या माणसाची हाक आल्यास मोठे साहेब आले आहेत असे समजून, हातात जे असेल ते, हे पानसुद्धा, खाली ठेवून तात्काळ उठावे व हाकेच्या दिशेने चालू लागावे. या प्रसंगी फोटो काढण्याची कोणतीही व्यवस्था केलेली नाही. तरीही सहकार्य व्हावे, ही नम्र विनंती.