अप्पांची बिऱ्हाडं

शिरूर कासारच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात सकाळी कुणीही आपल्या मनानं मशीनमध्ये शिरायचं नाही. अप्पा नाव पुकारणार, तो एकटा आत जाणार, त्याचं सगळं नीट उघडलं की मग पुढचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आमची पोरं, त्यांना असं रांगेत धरायचं म्हणजे काय थट्टा आहे? पण अप्पा धरायचे.

मन्मथअप्पा आमच्याकडचा सर्व्हर सांभाळायचे. आधी त्यांचं भुसार दुकान होतं. गावात एसटीडी बूथ आले, केबल आली, अप्पांचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आणि या वयात अप्पांनाही तो नाद लागला. मी तिथं टायपिंग शिकवायचे.

पोरांच्या मशीनवर स्वतःचं काही राहायचं नाही. ज्याचं त्याचं काम, चित्रं, सगळी मांडामांड अप्पांच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर. नाव टाकलं की तो सगळा पसारा तारेतून पुढ्यात यायचा, उठलं की परत जायचा. पुस्तकात त्याला प्रोफाइल म्हणत. अप्पा म्हणत, बिऱ्हाड.

"समदी बिऱ्हाडं एकाच दारातनं घुसली तर अडकनार न्हाई तर काय बे?" हे रोजचं.

बिऱ्हाडात तवा, गोधडी एवढंच असावं, असा त्यांचा हट्ट. एका पुढाऱ्याच्या भाच्यानं पडद्यावर नटीचा भलाथोरला फोटो लावला. तो आला की सगळा क्लास ठप्प. अप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, "हिला रोज न्यायाची, रोज आनायची. लई दमत आसंल की रं?" पोरगं लाजून लाल झालं. फोटो गेला.

स्वतः अप्पा मात्र दुपारी जेवण झालं की दार लोटून, कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसायचे. अप्पा चोरून लावण्या ऐकतात, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. ते नुसते हसायचे.

त्या वर्षी कावेरी नावाची पोर अर्धा कोर्स करून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. परीक्षा गुढीपाडव्यानंतर होती आणि तिचं सगळं काम सर्व्हरवर. ते गेलं असतं तर कोर्स पहिल्यापासून, आणि बाप काही तिला दुसऱ्यांदा पाठवणार नव्हता. इकडे डिस्क गच्च भरलेली, दारात नवी बॅच. क्लासचे मालक म्हणाले, तोडीला गेलेली पोरगी कशाला परत येतेय? पुसा तिचं. अप्पा एवढंच म्हणाले, जागा करतो.

दुसऱ्या दिवशी जागा झाली, नवी बॅच बसली. मला वाटलं, गेली पोरीची मेहनत.

पाडवा झाला आणि कावेरी आली. उन्हानं रापलेली, हाताला उसाच्या पाल्याचे चरे. अप्पांनी त्या दिवशी पहिलं नाव तिचं पुकारलं. तिनं दबकत नाव टाकलं, आणि पडद्यावर तिनंच काढलेलं जास्वंदीचं फूल आलं. "अप्पा, माझं हाय तसंच हाय की वो!" पोर रडायलाच लागली.

मग जागा झाली तरी कशी? दुपारी अप्पांच्या खोलीत डोकावले. हेडफोन खुंटीला, अप्पा रिकामेच बसलेले. मी चिडवलं, लावण्या संपल्या वाटतं?

"लावन्या कशाच्या, बाई. नातवाचा आवाज व्हता. मागं एका दिवाळीला पोरानं भरून दिलता. 'अप्पा, अप्पा' म्हनायचा नुसता. जागा लई खायचा, पुसला."

मी म्हटलं, अहो, मग मुलाकडून परत मागवून घ्या की! तर म्हणाले, त्याच्याकडंबी ऱ्हायला न्हाई, आन् नातू आता मोठा झाला, आजोबा म्हनतो. तेही फोनवर, सणासुदीला.

"त्यास्नी काय आता हिकडं यायचं न्हाई. जे परत येनार हाय त्याचं बिऱ्हाड मोडू न्हाई, बाई."

 मी उगीच की-बोर्डवरची धूळ पुसत उभी राहिले.

तेवढ्यात बाहेर कावेरीचं काहीतरी अडलं. "अप्पा! अवो अप्पा!"

अप्पा लगेच उठले नाहीत. डोळे मिटून घेतले, तिनं आणखी एकदा हाक मारेपर्यंत थांबले, आणि मग "आलो, आलो" करत बाहेर गेले.