चौकट औषधालाही नाही

दातांच्या डॉक्टरांना तिसऱ्या भिडूनेही सोडलं, तेव्हा क्लबची ब्रिजची स्पर्धा अगदी तोंडावर आली होती. डॉक्टरांचा खेळ वाईट नव्हता हो! पण बोलीच्या नवनव्या पद्धती शोधायचं खूळ फार. त्यांच्या पद्धतीत सरळ काही नसायचं. 'चौकट' म्हटलं की हातात बदाम समजायचे, आणि जबरदस्त पानं आली की खुशाल 'पास' म्हणायचं. तिसरा भिडू हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, हवं तर माझे सगळे दात काढा, पण मला सोडा!"

आता भिडू मिळाला नाही, तर जन्मभर क्लबात बसून दुसऱ्यांचे डाव बघायचे. डॉक्टरांना जेवण जाईना.

"आईला घ्या की," बायको म्हणाली. "रमीत ती कुणाला ऐकत नाही."

"अगं, हा ब्रिज आहे!"

"मग? पानं बावन्नच ना?"

बुडत्याला काडीचा आधार. डॉक्टरांनी सासूबाईंना शिकवायला घेतलं.

"म्हणजे हातात आहे ते बोलायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि भरभरून असलं की पास?"

"बरोब्बर!"

"अहो, यात नवीन ते काय? तुमच्या सासऱ्यांना चहाची तल्लफ आली की ते म्हणायचे, 'राहू दे.'"

स्पर्धेचा शेवटचा डाव. त्याआधीचे बहुतेक डाव कसे गेले ते न सांगितलेलंच बरं. डॉक्टर म्हणाले, "दोन चौकट."

विरुद्ध बाजूला क्लबचे सेक्रेटरी. "याचा अर्थ काय, आजी?" नियमाने विचारायचा हक्कच होता त्यांचा.

"जावईबापूंकडे बदाम आहेत. चौकट असेलच असं नाही."

सेक्रेटरी पास. आता सासूबाईंनी फक्त 'दोन बदाम' म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "पाच चौकट."

डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरला. सेक्रेटरी हर्षभरित होऊन ओरडले, "डबल!" म्हणजे बोली फसली, तर दंड दुप्पट. चौकट आधी डॉक्टरांनी म्हटलेली, म्हणून डाव खेळायचाही त्यांनीच. आणि हातात चौकटचं पान औषधालाही नाही!

सासूबाईंनी आपली पानं टेबलावर मांडली. आठ चौकटी, एक्का-राजापासून रांगेत! त्यांत डॉक्टरांचे बदामचे एक्का-राजा आणि किलवरचा एक्का मिळवले. अकरा हात, पाचच्या बोलीला हवे तेवढेच. सेक्रेटरींचा चेहरा भूल न देता दाढ काढल्यासारखा झाला.

नंबर आला नाही. पण या खेपेला डॉक्टर शेवटून पहिले नव्हते, आणि त्यांना ते बक्षिसाहून मोठं होतं.

"पण आई, पद्धतीप्रमाणे 'दोन बदाम' म्हणायचं होतं ना?" जिना उतरताना त्यांनी विचारलं.

"पाठ आहे हो मला. पण तुमचे बदाम मला कळले. माझी चौकट तुम्हाला कोण सांगणार? तुमच्या पद्धतीत भिडूला स्वतःचं काही बोलायला जागाच नाही, जावईबापू."

डॉक्टर पायरीवरच थांबले. पळून गेलेले तिन्ही भिडू त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

"आई, तुमचे फार उपकार झाले. जागा करतो मी. पुढच्या वर्षी खेळाल ना माझ्याबरोबर?"

सासूबाईंनी पर्सची चेन ओढली. "पास," म्हणाल्या.

न्यायला आलेली बायको हळहळली. "अरेरे! नाहीच म्हणाली ना?"

उत्तर द्यायला डॉक्टर तिथे होते कुठे! सासूबाईंना दोन पावलंसुद्धा चालायला लागू नयेत, म्हणून ते गाडी दारापर्यंत आणायला धावत सुटले होते.