भाऊजींचा जुना जेसीबी

आमचे भाऊजी कोणतीही वस्तू घेण्याआधी तिला टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. टरबुजाचं मी समजू शकतो. माठाचंही समजू शकतो. पण हा माणूस पलंग वाजवतो, दाराची चौकट वाजवतो, आणि एकदा तर बालाघाटच्या डॉक्टरचं टेबल वाजवून मला म्हणाला, "डॉक्टर बरा आहे. आवाज सांगते." ताईला पाहायला आले होते तेव्हा त्यांनी आमच्या घराचा खांब वाजवला होता. खांब सागाचा निघाला म्हणून लग्न जमलं, असं ताई अजून म्हणते.

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत स्टोअर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाले, कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि ताईला घेऊन रामपायलीजवळच्या आपल्या गावी राहायला आले. तिथं त्यांच्या वडिलांची जमीन. जमीन म्हणजे नुसतं नाव हो! इतकी वर्षं कोणी फिरकलं नाही, त्यामुळे बेशरमाची झुडपं, घाणेरी आणि पळसाची खुंटं यांनी ती वाटून घेतली होती. रानडुकरं तर सहकुटुंब राहत होती. पाय ठेवायला जागा नव्हती.

गावातला एक वीटभट्टीवाला त्या जमिनीवर डोळा ठेवून होता. ताईने मग एकदाचं सांगून टाकलं, "पाण्याच्या आधी साफ करा न् धान लावा. नाहीतर देऊन टाका त्या भट्टीवाल्याले. मले त्या जंगलाकडे पाहवत नाही."

"हौ," भाऊजी म्हणाले.

आता असं काम निघालं की शहाणा माणूस काय करतो? तासाच्या भाड्यानं जेसीबी बोलावतो. मशीन कोणत्याही कंपनीचं असो, आमच्याकडे ते जेसीबीच. मी बालाघाटहून फोन करून तेच सांगितलं. "भाऊजी, दोन दिवसांत मैदान होऊन जाईल."

"भाड्याचा माणूस घड्याळ पाहून काम करते, मधू. त्याले काय समजते?"

"त्यात समजायचं काय आहे? झुडूप आहे, उपटायचं आहे!"

"तुले नाही समजत," म्हणाले आणि फोन ठेवला. आठवड्यानं त्यांचाच फोन आला. "हट्ट्याच्या बाजूले एक जुना जेसीबी आहे विकायले. चाल माह्यासंग." मी कपाळावर हात मारून घेतला.

भाऊजी जेसीबी घ्यायला गेले ते धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून. एरवी पँटमध्ये असतात. मी विचारलं तर म्हणाले, "बाबा बैल घ्यायले असेच जात." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मशीन एका तरुण ठेकेदाराच्या आवारात उभं होतं. ठेकेदार हिंदीत गुण सांगू लागला: इंजन एकदम ओके, टायर नए जैसे. भाऊजींनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते खाली वाकले आणि बकेटचे दात मोजू लागले. एक दात हलवून पाहिला. मग मागे जाऊन शेपटीकडून पाहिलं, म्हणजे मागचा लांब हात जिथून निघतो तिथून. "आता याले चालवून दाखव," ते म्हणाले. ठेकेदारानं मशीन आवारात दोन चकरा फिरवलं. भाऊजी मान तिरपी करून बघत होते. "मागच्या उजव्या पायात लंगडते थोडा."

"चाचाजी, हवा कम है उसमें," ठेकेदार म्हणाला.

मग टिचक्या सुरू झाल्या. बकेट, बॉनेट, डिझेलची टाकी, सगळं वाजवून झालं. शेवटी इंजिनाला कान लावून डोळे मिटले ते इतका वेळ, की ठेकेदारानं मला हळूच विचारलं, "तबियत ठीक है ना इनकी?"

"आवाज सांगते," भाऊजी उठत म्हणाले. "कष्टाचा आहे, पण मनाचा साफ आहे."

खरा तमाशा पुढेच झाला. भाव ठरवायची वेळ आली तशी भाऊजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, ठेकेदाराचा हात पकडला, त्यावर दुपट्टा टाकला आणि आतून त्याची बोटं दाबू लागले. बैलबाजारात असंच होतं. चार माणसांत भाव बोलायचा नाही, दुपट्ट्याखाली बोटांनी सांगायचा. पण त्या पोराच्या बापानं तरी बैल पाहिला असेल की नाही कोण जाणे. त्याला गुदगुल्या झाल्या. तो हसत सुटला, हात ओढू लागला. "चाचाजी, ये क्या कर रहे हो? हाथ देखना आता है क्या आपको?" भाऊजी आपले गंभीर. बोटं दाबताहेत, त्याच्या डोळ्यांत बघताहेत. पोरगं हसता हसता मान हलवत होतं, आणि हे समजले की सौदा झाला! "जमलं," म्हणाले आणि दुपट्टा झटकला. मला तोंडानं भाव करत पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. भाऊजी बाजूला तोंड फुगवून उभे होते, कारण त्यांच्या मते मी दिलेला शब्द फिरवत होतो.

जेसीबी घरी आला. ताईनं भाकरतुकडा ओवाळला, चाकावर पाणी घातलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यापरीस सवत आणली असती तर पोळ्या तरी लाटू लागली असती."

भाऊजी गावातल्या एका ड्रायव्हरकडून मशीन शिकले आणि शिकल्याबरोबर त्याला घरी पाठवून दिलं. स्वतः बसू लागले. पण काय ते काम! बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन हळू करायचं, खाली उतरायचं, वाकून माती पाहायची, मग पुन्हा वर चढायचं. एका झुडपाला अर्धी सकाळ. लेकराचे केस विंचरावेत तसं ते जमीन विंचरत होते. गावातले रिकामे लोक बांधावर येऊन बसायचे आणि बिड्या ओढत हसायचे. भट्टीवाला मोटरसायकलवरून रोज तिकडूनच जायचा, आणि जाताना गाडी मुद्दाम हळू करायचा.

आभाळ भरून यायला लागलं. लोकांची धानाच्या रोपांची नर्सरी टाकून झाली. भाऊजींची जमीन बरीचशी निघाली होती, पण नाल्याकडचा अख्खा कोपरा तसाच. ताईचा मला फोन आला. "मधू, तू ये बापा. विचारलं की म्हणतात, मशीन डावीकडे वळत नाही. असं कुठं असते काय?"

मी तणतणत गेलो. ताईला घेऊन थेट शेतात. कोपऱ्याच्या तोंडाशी जेसीबी उभा, इंजिन बंद, आणि भाऊजी मातीत उकिडवे बसलेले.

"भाऊजी, आता पुरे झालं! उद्या भाड्याचा माणूस आणतो. दुपारपर्यंत सपाट करून देईल."

"नाही," ते म्हणाले. इतक्या जोरात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग ताईकडे पाहून त्यांचा आवाज एकदम खाली आला. "इथंच आहे ते कुठंतरी. आपली पोरगी."

ताईची पहिली मुलगी बारसं व्हायच्या आधीच गेली. मी तेव्हा शाळेत होतो. एवढ्या लहान जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत, शेतात पुरतात. ताई बाळंतिणीच्या खोलीत होती, तिला कोणी काही सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही. घरात तो विषयच निघत नसे.

"कोणत्या जागी?" ताईनं विचारलं.

"तेच तर ठाऊक नाही." भाऊजींचे हात मातीनं भरले होते. "मी न् बाबा आलतो. पुरलं न् बाबा म्हणाले, आता चाल, मागं वळून पाहू नको. मी पाह्यलं नाही. एक डाव पाह्यलं असतं तर जागा ध्यानात राह्यली असती. भाड्याच्या माणसाले मी काय सांगू? इथं हळू घे म्हणू, तर काहून म्हणून विचारन."

इतके दिवस मी या माणसावर चिडत होतो.

ताईनं त्या झुडपांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुराच कोपरा राहू द्या."

"धानाची एक बांधी कमी होईन."

"होऊ द्या. बाकीच्यात लावू धान. मधू, त्या भट्टीवाल्याले नाही म्हणून सांगून दे." तिनं पदरानं डोळे पुसले आणि भाऊजींना उठायला हात दिला. "न् मले दाखवा तरी, कोणीकडून आणलं होतं तिले."

भाऊजी उठले. दोघं नाल्याच्या बांधावरून हळूहळू चालू लागले, भाऊजी पुढं, ताई मागं. मी जेसीबीपाशीच थांबलो.