गेनूभाऊंची आडत

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे अडुसष्टची, आणि स्वतःला फार हुशार समजायचे. “भंडारदऱ्याला महिनाभर एकटी राहून दाखवते,” असं मुलाला ठणकावलं. पण ॲपवर खोली घेताना भाड्याखाली ॲपची फी दिसली आणि ती भरणं जिवावर आलं. दोनच रात्री बुक केल्या. उरलेल्या महिन्याचे पैसे मालकाच्या हातावर ठेवायचे, फी वाचवायची!

तिसऱ्या सकाळी माझी बॅग आणि लोणच्याची बरणी ओट्यावर. शेजारी मालक गेनूभाऊ, हात मागे बांधून.

“आक्का, बुकिंग सरलं.”

“अहो, महिनाभर आहे मी! हे घ्या रोख.”

“ज्यानं गिऱ्हाईक धाडलं, त्याची आडत बुडवायची न्हाई.”

गेनूभाऊंनी जन्मभर बाजारात तांदूळ विकलेला. तिथल्या दलालाचं कमिशन म्हणजे आडत, तशी ॲपची फीही आडतच. “आडत्याला शिव्या घालाव्या, पन बुडवू न्हाई,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी रागावले, लाडीगोडी लावली, गुडघे दुखतात म्हणाले. त्यांनी गुडघ्यांना तेल आणून दिलं, किल्ली नाही. घरी परतणं म्हणजे मुलासमोर नाक कापून घेणं. शेवटी त्याच ओट्यावर बसून, फीसकट, महिना बुक केला. किल्ली लगेच हातात!

दुपारी ताट वाढून आलं. भाड्यात जेवण नव्हतं.

“हे काय?”

“तुमची आडत. भुर्दंड तुमाला पडला, तो मी जिनसात फेडनार.”

मग रोज तेच. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, वाफाळता भात. “घ्या, आडतीतून वजा!” आठवड्यातच फी फिटली, हे मी बोटांवर मोजून दाखवलं.

“तुमचा हिशोब शहरातला,” ते म्हणाले, आणि आणखी भात वाढला.

स्वतःचं ताट घेऊन ते समोरच बसत. माझ्या ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं: सौ. हिराबाई. मी कधी विचारलं नाही. एकदा भाकरी मोडता मोडता तेच म्हणाले, “लई दिस फळीवर पडून हुतं ते.”

महिना संपला. त्यांनी माझी बॅग एसटीत चढवली. मी खिडकीतून चिडवलं, “गेनूभाऊ, आता तरी फिटली ना आडत?”

“फिटली. पावसाळा सरला की परत या, आक्का. आन् बुकिंग ॲपवरच करा, आडत लागली पायजे.”