कमरेभोवतीची रेषा

जी गोष्ट सापडत नाही ती नाहीच, असं म्हणणं हा संशोधनातला निव्वळ आळस आहे. ठाकुर्लीच्या ऊर्जारेषा संशोधन केंद्रात हा आळस मुळीच चालत नसे. अ‍ॅक्युपंक्चरवाले ज्या रेषांवर सुया टोचतात, त्या शरीरात नेमक्या कुठे असतात हे दाखवायचं काम कल्पिता भोईरकडे होतं. ती शरीररचनाशास्त्राची, सहा वर्षं कंत्राटी. रेषा सापडली की कायम, नाहीतर मार्चअखेर हातात नारळ.

तिने चार मृतदेह उघडले (एकानेही तक्रार केली नाही). शिरा, नसा, स्नायूंची आवरणं, सगळं पालथं घातलं. रेषेचा पत्ता नाही. केंद्राच्या फॉर्मात मात्र दोनच रकाने होते, 'सापडली' आणि 'सापडत आहे'. बिचारीने अकरा तिमाह्या दुसराच भरला.

शेवटी जिवंत माणसं घ्यायचं ठरलं. डोंबिवलीच्या एका महिला मंडळातून चाळीस जणी आल्या (चहा-बटाटेवडा मोफत). आणि काय सांगावं, अडतीस जणींच्या कमरेभोवती काळसर, बोटभर रुंद, ठसठशीत रेषा! चिनी ग्रंथांत कमरेला वेढणारी अशी एक रेषा आहेच. कल्पिताला आनंदाने रडूच फुटलं. तिने आईला फोन करून पेढे आणायला सांगितले.

झाडलोट करणाऱ्या गोदूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाय, ही तं परकराच्या गाठीची खूण. माजी चाळीस वर्सांची हाय."

उरलेल्या दोघी जीन्समध्ये आल्या होत्या.

कल्पिता सरळ बाई. तिने तसंच लिहून संचालक साईनाथ गुप्त्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं.

"मॅडम, तुम्ही उलटं बघताय. आपल्या आज्या-पणज्या नेमक्या तिथेच गाठ का मारत आल्या? रेषा आधीपासून होती म्हणून. गाठ हाच पुरावा."

"आणि जीन्सवाल्या दोघी, सर?"

"त्यांची बुजली. 'सापडली'च्या रकान्यात सही करा, खालीच तुमची कायम नेमणूक आहे."

कल्पिताच्या जिवाला लागलं. पण पेढे घरी येऊन पडले होते. तिने सही केली.

आता खोपटला शाखा निघाली आहे. तिथे पुरुषांवर, पायजम्यासह, काम जोरात चालू आहे.

वाचकहो, कल्पिताला खुशाल नावं ठेवा. फक्त आधी तो कमरेवरचा हात काढा. (इथवर वाचणाऱ्यांपैकी ब्याण्णव टक्के लोक एकदा तरी चाचपून बघतात. केंद्र त्या प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा धरतं.)